सासूबाईंच्या अंगुस्तानाचा तपास

माझ्या तोडीची गुप्तहेर आमच्या गल्लीत दुसरी नाही. पहिलीही नाही, असं आमचे हे म्हणतात, पण त्यांचं मत मी नोंदीत धरलेलं नाही. शेजारी पाहुणा आला की तो किती दिवस राहणार, हे मी त्याच्या पिशवीवरून सांगते. एकदाच चुकले. तो पाहुणा नव्हता, शेजारणीचा नवरा होता. बोटीवर नोकरीला असायचा, आठ महिन्यांनी घरी आला होता. आणि स्मरणशक्ती म्हणाल तर माझ्या लग्नात कोण कोण रुसलं होतं, हे आजही क्रमवार सांगेन.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, आमच्याच पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. त्यांच्याजवळ सासूबाईंचं अंगुस्तान होतं, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी. सासूबाईंच्या तीस वर्षांच्या शिवणानं तिला बारीक बारीक खळगे पडले होते. सासूबाई गेल्या तेव्हा वन्संनी तेवढंच मागून घेतलं होतं.

एका गुरुवारी सकाळी त्यांनी बटणांचा डबा पालथा घातला.

"वहिनी, आईचं अंगुस्तान पाहिलंत?"

"नाही. पण मी छडा लावते."

वन्संचा चेहरा आणखी उतरला.

"नवीन आणू या का?" मी विचारलं.

"नव्याला हे खळगे कुठले? त्यांत आईचं बोट आहे हो." त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि भिंतीकडे बघत बसल्या. दुपारी जेवल्याही नाहीत. तेव्हा मात्र मी कंबर कसली.

बुधवारी दिवसभर आम्ही दोघी त्याच खोलीचे पडदे शिवून टांगत होतो आणि डबा उघडाच होता. म्हणजे चोर बुधवारी आला. पहिला संशय पोस्टमनवर. त्याच्या मधल्या बोटाला जाडजूड पट्टी होती. अंगुस्तान लपवायला याहून चांगली जागा कोणती? मी त्याला पट्टी सोडायला लावली. आत बोट होतं, त्यावर कुत्र्याचे दात उमटले होते. पट्टी पुन्हा मीच बांधून दिली. कायदा पाळणारी बाई आहे मी.

दुसरा संशय डॉक्टरीणबाईंवर. वन्संकडे शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या होत्या, जाताना पर्स छातीशी धरून गेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन ती उघडायला लावली. आतून डॉक्टरांची कवळी निघाली, दुरुस्तीला न्यायची होती. त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरही त्या दिवशी बोलले नाहीत, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

उरले आमचे हे. शनिवारी संशयित खिडकीशी पेपर वाचत बसला होता. निरपराध माणूस इतका निवांत नसतो.

"अहो, बुधवारी दुपारी कुठे होता?"

"इथेच. शिडी धरा म्हणालीस, धरली."

"साक्षीदार कोण?"

"तू."

ही साक्ष मी नोंदीत धरली.

"मला एक सांग," हे म्हणाले. "वाऱ्यानं पडदा भिंतीवर आपटतो, तेव्हा उजवा कोपरा ठकठक वाजतो. डावा टिणटिण का वाजतो?"

"पडदा सरळ पडावा म्हणून कोपऱ्यांत वजनाला लोखंडी वॉशर घातलेत," मी म्हणाले. आणि तिथेच छडा लागला. शेवटच्या कोपऱ्याला एक वॉशर कमी पडला होता. वन्सं चहा टाकायला गेल्या होत्या, माझा चष्मा आतल्या खोलीत होता, आणि बटणांच्या डब्यात हाताला काहीतरी गोल, जड लागलं होतं. लग्नातले रुसवे आठवतात, बुधवार आठवत नाही.

मशीनपाशी बसलेल्या वन्सं उठल्या. त्यांनी डावा कोपरा चाचपला, धाग्याचं टोक धरून ओढलं. सगळी शिवण एका ओढीत निघून आली आणि अंगुस्तान त्यांच्या तळहातावर पडलं.

"वहिनी, ही काय शिवण घातलीत?"

"पुरावा काढायला सोपं जावं म्हणून," मी म्हणाले.

तीन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या. हसता हसता डोळे पुसले, अंगुस्तान बाहीला पुसलं. मला वाटलं आता बोटात घालतील. त्यांनी माझा हात ओढला आणि माझ्या बोटात घातलं. सासूबाई होत्या तोवर मला ते हातात धरायलाही मिळालं नव्हतं.

"बसा. आईनं मला शिकवलं तसं शिकवते. बोट वाकवा. अंहं, एवढं नाही."

मला ते सैल होत होतं, पण सुई आपोआप एका खळग्यात जाऊन टेकली. तो कोपरा मी संध्याकाळपर्यंत तीनदा उसवला आणि चौथ्यांदा शिवला. आत वजनाला काय घालायचं, ते मात्र वन्संनी स्वतः घातलं.