तोतारामनानांचा अर्धा मण

तोतारामनानांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "एक मण नऊ शेर. कोट काढला तर आठ."

मी धुळ्याहून बदली होऊन जळगावला आलो होतो. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात ट्रंक, आणि माझ्या होणाऱ्या खोलीच्या दारात ही मूर्ती उभी. उभी म्हणजे मागचं दार दिसत नव्हतं. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण किलो अजून आला नव्हता. माणसं मणाशेरातच होती, चाळीस शेरांचा एक मण. मला वाटलं, हे ट्रंकेबद्दल बोलताहेत.

"ट्रंकेत पुस्तकं आहेत," मी म्हटलं.

"ट्रंक वेगळी," नाना म्हणाले. "ती सव्वीस शेर."

संध्याकाळी कळलं, की आमचे हे शेजारी एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मापाडी आहेत. तीस वर्षं मोठ्या काट्यापुढे उभं राहून कापूस तोलायचा, मग नजरेला दुसरी सवय कुठली लागणार? लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, की हे अक्षता टाकायच्या आधी त्याचं वजन सांगून मोकळे. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी भर रस्त्यात "दोन मण सतरा" असं जाहीर केलं, तर हेडमास्तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. बरं, मी सांगितलं होतं का तोलायला?

मोजताना मापाडी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. नाना घरीही तसंच मोजत. गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, वरण-बट्टी वाढायला लागल्या की भिंतीपलीकडून मला सूर ऐकू यायचा: "लाभ... दोन रे दोन... तीन रे तीन..." हा सूर अकराच्या अलीकडे थांबल्याचं मला आठवत नाही. बट्टी म्हणजे काय चीज असते ते खानदेशात राहिलेल्याला सांगायला नको. कणकेचा भाजलेला गोळा, तुपात बुडवलेला. दोन खाल्ल्या की माझी शुद्ध हरपते.

स्वतःचं वजन नाना दर रविवारी जिनात जाऊन पाहत. एका पारड्यात नाना, दुसऱ्यात वजनं, आणि दोन हमाल काटा धरायला. मी आलो त्या वर्षी तीन मण चार शेर भरले होते, आणि हा आकडा ते एखाद्याने मुलाचे परीक्षेतले मार्क सांगावेत तसा सांगत. त्यांना मूलबाळ नव्हतं, हेही कारण असेल.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र गडबड झाली. मांडे आणि आमरस झाल्यावर नाना ओट्यावर पान लावायला बसले आणि त्यांना श्वासच घेता येईना. काकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी टांगा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. टांगेवाल्याने घोड्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि स्वतः खाली उतरून चालत आला.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग ते स्पष्ट बोलले. "नाना, तुमचं हृदय दमलंय. ते दोन मणांच्या माणसासाठी केलेलं आहे, तुम्ही त्याच्यावर तीन मण लादलेत. वर्षभरात अर्धा मण उतरवा. नाहीतर पुढची आखाजी मी खात्रीने देऊ शकत नाही."

"उतरवू," नाना म्हणाले, जसं काही गाडीवरून पोतं उतरवायचं होतं.

"ताटातलं अर्धं करा. भूक लागलीच तर फळं खा. आणि चाला."

बाहेर आल्यावर नानांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, हिले यातलं काही सांगू नका. अक्षर नही." मी मान डोलावली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे त्यांना अजून कळायचं होतं.

आता डॉक्टर होते पुण्याचे. त्यांनी फळं म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पेरू-पपई असणार. जळगावच्या माणसाला फळ म्हणजे केळं. नानांनी सरळ असोद्याच्या एका बागवाल्याला सांगून केळ्यांचा घड घरी आणवला, आणि माजघरात आढ्याला टांगला. येता-जाता एक, म्हणजे लाभ, तोडायचा. भाकरी अर्धी केली होती हो, खोटं कशाला बोलू? पण त्या अर्ध्या भाकरीच्या जागी दीड डझन केळी जात होती, आणि नाना समाधानाने सांगत, "मास्तर, अन्नावर वासनाच राह्यली नही." महिन्याने काट्यावर तीन मण दहा भरले. हमालांनी वजनं तीनदा बदलून पाहिली.

डॉक्टर म्हणाले, "नाना, मी फळं सांगितली होती. बाग नव्हती सांगितली."

मग व्यायाम. नाना तालमीत गेले. पन्नाशीचा माणूस लंगोट लावून आलेला पाहून पोरं हरखली. दहा बैठका झाल्या की तालमीच्या रिवाजाप्रमाणे बदामाची थंडाई, दूध आणि तूप. नाना रिवाजाला पक्के. बैठका दहाच्या अकरा झाल्या नाहीत, थंडाईचे पेले मात्र वाढत गेले. तीन मण चौदा.

त्या दिवशी काट्यावरून उतरताना त्यांचा चेहरा पाहिला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. घरी येईपर्यंत त्यांनी रस्त्यातल्या एकाही माणसाचं वजन सांगितलं नाही.

मार्गशीर्षात त्यांनी शहाण्यासारखं सुरू केलं. पहाटे उठून चालायचं. पहिल्या दिवशी रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि तिथल्या दगडावर अर्धा तास बसून परत आले. आठवड्याने फाटक ओलांडलं. पौष संपेपर्यंत ते असोद्याला जाऊन येऊ लागले. जाऊन-येऊन सात-आठ मैल होतात. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकरी, भरीत, मुळा, ताक. बट्टी रविवारी, तीही दोन. "लाभ... दोन रे दोन..." आणि पुढे शांतता. ती शांतता ऐकत मला भिंतीअलीकडे बसवत नसे.

खरा घोटाळा पुढे आहे. नाना जेवत नाहीत म्हणून गोदाकाकूंनी स्वयंपाक कमी केला असेल असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही गोदाकाकूंना ओळखत नाही. अकरा बट्ट्यांचं पीठ मळायची हाताला सवय. दोन नानांना, उरलेल्या ताटलीत घालून माझ्याकडे. "मास्तर, टाकायच्या का आता?" मी नाही कसं म्हणू? फाल्गुनात नाना दोन मण तीसवर आले तेव्हा मी एक मण एकवीस झालो होतो. नानांचं वजन जात कुठं होतं याचा शोध कुणी घेतला असता, तर माझ्या कोटाची बटणं साक्षीला होती.

पण काकू मनातून खचत चालल्या होत्या. नळावर बायका विचारत, "काय व काकू, नाना असे वाळून राह्यले? घरात खायले काही आहे का?" नवरा वाळला की बोल बायकोच्या हातांना लागतो. काकूंनी भाकरीच्या पिठात चोरून तूप घालून पाहिलं. नानांनी पहिला घास तोडला, हातावर तोलला आणि ताट बाजूला सारलं. काकू तेव्हा चुलीपाशी बसून रडल्या. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण जीभ आवरली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दाराशी आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"मास्तर, एक विचारू? ह्या वयात माणूस कायले बारीक व्हतो?"

"तब्येतीसाठी, काकू."

"मिशी कोरता. धुतलेलं धोतर नेसून जाता पहाटे. असोद्याले कोणाकडे जाता विचारलं, तर म्हणता, फिरून येतो. अन् काल शेतकी गल्लीतली एक सांगत होती, हे असोद्यात एका बाईच्या ओट्यावर बसता." पदराचा आणखी एक वेढा बोटाला बसला. "तुम्ही एकदा जाऊन पाहा. मले खरं ते सांगा."

हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. पन्नाशीतल्या, पावणेतीन मणाच्या माणसावर संशय घेणारी ही बाई त्याच्यावर किती जीव लावून असेल!

तर मी दुसऱ्या पहाटे नानांच्या बरोबर निघालो. "अरे वा, मास्तर, तुम्हीही?" ते खूश झाले. फाटकापर्यंत मी बोलत होतो, पुढे फक्त धापा टाकत होतो. ज्याच्या वाट्याच्या बट्ट्या मी खाल्ल्या होत्या तो माणूस माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटाचं पाणी, आणि नाना मागं वळून म्हणताहेत, "दम लागला का? थांबू या. घाई नही."

असोद्यात ते एका मोठ्या घराच्या मागच्या ओट्यापाशी गेले. तिथं एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं, अंगावर विधवेचं आलवण नव्हतं पण लुगडं रंग गेलेलं. नानांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आले का भाऊ?"

"आलो वहिनी. काय म्हणता?"

एवढंच. मग त्या बोलत राहिल्या आणि नाना ऐकत राहिले. म्हशीला काय झालं, पुतणसुनेने काय म्हटलं, डोळ्याला कसं दिसत नाही. आतून दोन बायका येऊन गेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलंसुद्धा नाही. पाव तासाने नाना उठले.

परतीच्या वाटेवर ते स्वतःहून बोलले.

"माझ्याबरोबर काट्यावर होता भिका, त्याची ही बायको. द्वारकावहिनी. भिका दोन मण छत्तीस. दोन वर्षांखाली काट्यापाशीच बसला खाली, तो उठला नही. आम्ही म्हटलं, सुटला बिचारा." ते थोडं थांबले. "सुटला तो. हिचं पाह्यलं ना तुम्ही? पोरबाळ नही. दीर-पुतण्यांचं घर. बठ्ठ्यांचं, घरादाराचं, जेवण झालं की हिची भाकर. दिवसभर कोणी बोलत नही हिच्याशी. मी येतो तेवढंच."

"मग काकूंना सांगत का नाही, नाना?"

"कसं सांगू? सांगितलं तर ती वहिनीकडे पाहील अन् तिले तिचंच पुढचं दिसेल. मले कुठं पोरबाळ हाये? माझे भाऊबंदही यांच्यासारखेच हाये." नाना चालता चालता थांबले. "मास्तर, गोदी दरवर्षी वडाले दोरा गुंडाळते अन् माझ्या आधी जायले मागते. सवाष्ण जायले. मी म्हटलं, मागते तर मिळू दे तिले. आपण तिच्यापेक्षा एक दिवस जास्ती काढू. म्हणून चालतो."

पुढचा मैलभर मी मुद्दाम चार पावलं मागं चाललो. त्यांना वाटलं दम लागलाय, म्हणून ते पुन्हा थांबले.

घरी काकू दारात उभ्याच होत्या. नाना आंघोळीला गेले आणि मी सगळं सांगून टाकलं. आखाजी, टांगा, डॉक्टर, भिकाभाऊ, द्वारकावहिनी, वडाचा दोरा, सगळं. नाना माझ्यावर चिडतील तर चिडोत, पण त्या बाईंना संशयात झुरताना पाहणं मला जमणार नव्हतं. संपल्यावर त्या आत गेल्या. त्या दिवशी माझ्याकडे ताटली आली नाही. पीठ बेतानं मळलं गेलं होतं.

दुसऱ्या पहाटे दार वाजलं म्हणून डोकावून पाहिलं, तर नानांच्या मागं काकूही निघाल्या होत्या, हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. "तुमची मैतरीण पाहू तरी," असं त्या नानांना म्हणत होत्या. नानांनी माझ्या खिडकीकडे असं पाहिलं, की मी झटकन खाली बसलो.

आखाजीच्या आधी नाना दोन मण चोवीस भरले. अर्धा मण उतरवून वर दहा शेर, केळ्यांचे आणि थंडाईचे. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि पाठीवर थाप मारली. आखाजीला काकूंनी मांडे केले, आणि नानांनी एक खाल्ला. दुसरा असोद्याला गेला.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. काकू पूजेचं ताट घेऊन परतल्या, मला आंबा दिला आणि जाता जाता उंबऱ्याशी थांबल्या.

"मास्तर, यंदा मी ते मागितलं नही."

"काय?"

"त्यांच्या आधी जायचं. तीस वर्षं मागत आली. यंदा हात जोडले अन् म्हटलं, ते मागणं राहू दे." त्यांनी आत पाहिलं. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. काकूंनी आवाज खाली आणला. "ते म्हणता, मी मागं राहीन. राहून काय करतील व? चूल पेटवता येत नही. भावाच्या दारात ताटाची वाट पाहत बसतील, अकरा बट्ट्या खाणारा माणूस. ते मले नही पाहवणार. त्यापेक्षा मी राहीन मागं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"मले सवय हाये," त्या म्हणाल्या, "शेवटी जेवायची."