ड्रायव्हरला कोणी मारलं?

सिद्धेश्वरअप्पा गेले, ते ड्रायव्हरला कोणी मारलं हे न सांगताच.

हा ड्रायव्हर एका जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरमधला. तस्करी करणाऱ्या एका शेठच्या नोकरीत असलेला. पिक्चर अर्धा झाला की त्याची गाडी बंदरातल्या पाण्यातून वर ओढून काढतात, आत तो मेलेला असतो, आणि मग शेवटपर्यंत एकही माणूस विचारत नाही की हे झालं कसं. शेठ गाणं ऐकायला जातो, इन्स्पेक्टर नव्या खुनाच्या मागे लागतो. ज्या कादंबरीवरून तो पिक्चर काढला, तीही अप्पांनी शोधून वाचली होती. लेखक ड्रायव्हरला पाण्यात टाकून निवांत पुढच्या प्रकरणाकडे निघून गेला होता.

"मला ठावं हाय कोणी मारलं," अप्पा म्हणायचे. "सांगतो कधीतरी."

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या आपल्या सरकी-पेंडीच्या दुकानात, पोत्याला टेकून बसल्या बसल्याच ते गेले. सकाळी पाठ दुखते म्हणाले होते. "संध्याकाळी दाखवू," असं वीरेश, त्यांचा मुलगा, म्हणाला होता.

तेव्हापासून घरात अप्पांविषयी कोणी बोलत नसे. त्यांचं नाव निघालं की त्यांच्या पत्नी गौरम्मा, मुलांच्या अव्वा, उठून आत जायच्या. ड्रायव्हरचं नाव निघालं तर मात्र बसून राहायच्या, एखादं मतही द्यायच्या. त्यामुळे घरात सतत ड्रायव्हरच असे. गौरम्मा, वीरेश, त्याची बहीण अंजू आणि अप्पांचे धाकटे भाऊ उमाशंकर, चौघांचे चार खुनी ठरलेले होते.

अशात अंजूला उमरीचं स्थळ आलं. बाप गेल्यावर लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून सगळ्यांनाच घाई होती. मुलाच्या आईने, सुकन्याक्काने, रिवाजाप्रमाणे गुपचूप चौकशीला आपला भाऊ बसवंत लातूरला धाडला.

बसवंत हा समोरून कुत्रं आलं तर गल्ली बदलणारा माणूस होता. थोरल्या भाच्याच्या वेळी चौकशी त्यानेच केली होती, 'काही काळजी नाही' असं सांगितलं होतं, आणि ते लग्न वर्षभरात कोर्टात जाऊन मोडलं होतं. या खेपेला एसटीत बसवताना अक्काने एवढंच सांगितलं होतं, "मृत्युंजयचा जलम तुझ्या हातात हाय, बसवंता. नीट बघ. नीट ऐक."

म्हणून तो दुकानात शिरला, समोरच्या पोत्यावर बसला आणि नीट ऐकू लागला. थप्पीच्या मागे काका-पुतणे पोती लावत बोलत होते.

"ड्रायव्हरला मालकानंच संपवला, काका. त्याला समदं माहीत होतं ना."

"येडा का काय तू? मालक आपलाच माणूस कशाला मारंल? हे काम बाईचं हाय. अन् एकट्या बाईचं न्हाई. गाडी ढकलायला दोघं तरी लागतेत."

"अव्वा तर मानायलाच तयार न्हाई."

"ती कशी मानंल? एका अप्पालाच पक्कं ठावं होतं. अन् सांगायच्या आत गेला बघ. चांगला बसला होता, हितंच, म्होरच्या पोत्यावर."

बसवंत म्होरच्या पोत्यावरून उठला. पळावं म्हणून वळला तर पायरीवर आडवी मोटारसायकल, आणि तेवढ्यात वीरेश बाहेर आला.

"या ना. काय पाहिजे?"

"पेंड."

"किती?"

"एक किलो."

वीरेशने त्याच्याकडे पाहिलं. मग मागून आलेल्या काकांकडे पाहिलं. "म्हैस हाय का गाय?"

"बकरी. लहान हाय."

"गाव कोणतं म्हणायचं?"

"उमरी... उमरगा." हे सांगताना त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला.

काका-पुतण्यांमध्ये डोळ्यांनी काहीतरी बोलणं झालं. ते बसवंतने पाहिलं. मग उमाशंकर पुढे आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि तो तिथेच ठेवला. "पेंडीचं बघू नंतर. जेवायची येळ झाली. घरी चला."

"नको नको, एसटी हाय माझी."

"एसटीत कशाला हाल करून घेता? मी गाडीनं सोडतो की तुमाला. आता तुमाला असं सोडत नसतो आम्ही."

गाडीत बसवंत दाराच्या कडीवर हात ठेवून बसला. उमाशंकरांची अशी समजूत होती की तो पिक्चर न पाहिलेला माणूस अजून जन्मायचा आहे. पाहुणा बोलत नाही असं पाहून त्यांनीच विषय काढला.

"त्या ड्रायव्हरचं काय वाटतं तुमाला?"

"मला कायबी माहीत न्हाई."

"असं कसं? समद्यांनी पाहिलंय."

"मी न्हाई पाहिलं, काका. आईशप्पथ. अन् पाहिलं आसंल तरी इसरलो."

"मी म्हणतो, त्याला आधी बेशुद्ध केला आसंल," उमाशंकर वळणावर हॉर्न वाजवत म्हणाले. "न्हाईतर गाडीत गुमान बसतंय का कोण?"

बसवंत गाडीत गुमान बसला होता. त्याने कडी ओढून पाहिली. कडी हातात आली.

"ती तशीच हाय," उमाशंकर म्हणाले. "दार भायेरूनच उघडतंय."

घरी गौरम्मांनी पाट मांडला होता. ताटात भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची पोळी, वर तुपाची धार. अर्ध्या तासाची खबर देऊन एवढं सगळं कसं झालं, हा साधा प्रश्न बसवंतला पडला नाही. चौघे आपल्याकडे टक लावून पाहत आहेत, गौरम्मा वाढायच्या थांबत नाहीत, आणि मागोमाग आलेल्या वीरेशने दाराला कडी घातली आहे, एवढंच त्याला दिसत होतं. कडी शेजारच्या मांजरासाठी होती. खिशातला फोन वाजला. 'अक्का' हे नाव पाहून त्याने तो कापला आणि हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दाराकडे निघाला. परसाची भिंत फार उंच नव्हती. एक पाय त्याने वर टाकलाही.

"मामा, तिकडून न्हाई. मोरी हिकडं हाय," मागून अंजूचा आवाज आला.

बसवंत पाय खाली घेऊन तसाच उभा राहिला. आपलं नाव त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, गाव खोटं सांगितलं होतं, आणि या मुलीला आपण मामा आहोत हे ठाऊक होतं. म्हणजे यांना सगळंच ठाऊक होतं. एका माणसाला सगळं ठाऊक असलं की या घरात त्याचं काय होतं, ते त्याने दुकानात ऐकलंच होतं.

तो परत येऊन पाटावर बसला. बोलायला काहीतरी हवं म्हणून गौरम्मांनी घरात रोज निघणारा विषय काढला.

"तुम्ही भायेरचे, तुम्हीच सांगा आता. ड्रायव्हरला कुणी मारलं आसंल?"

बसवंतने एकेकाकडे पाहिलं. मालक म्हणावं तर तो समोर बसलेला वीरेश. बाई म्हणावी तर पोळी वाढणारी गौरम्मा. ढकलणारा दुसरा म्हणावं तर उमाशंकर शेजारीच होते. ज्या उत्तराने बसस्टँड गाठता येईल असं एकच उत्तर उरलं होतं.

"कुणीच न्हाई," तो म्हणाला.

"कुणीच न्हाई?"

"कुणी कशाला मारंल, अव्वा? थकला आसंल बिचारा. गाडी उतारावर लावली आसंल, बसल्या जागी डोळा लागला आसंल. गेली गाडी." बसवंतने हात जोडले होते आणि बोलणं काही केल्या थांबत नव्हतं. "एखाद्या वक्ताला माणूस नुसता जातो. कुणी काय करत न्हाई. मागं ऱ्हायलेले बसतेत इचार करत, आपण हे केलं आसतं तर, तवाच गेलो आसतो तर. काय झालं आसतं? कायबी न्हाई. तुमच्यातल्या कुणाचाच दोष न्हाई. मी कुठंबी येऊन सांगतो तसं. पोलिसात सांगतो."

वीरेश ताटाकडे पाहत होता.

"कुणाचाच न्हाई म्हणता?" त्याने विचारलं.

"गळ्याशप्पथ न्हाई."

वीरेश उठला आणि पाठ करून खिडकीपाशी उभा राहिला. गौरम्मांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्या उठून आत गेल्या नाहीत. त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

उमाशंकरांनी मात्र मांडीवर थाप मारली. "च्यायला! चाळीस वर्सं आम्ही खुनी हुडकायलाव, अन् खूनच न्हाई! पिक्चरवाल्याला सुचलं न्हाई, कादंबरीवाल्याला सुचलं न्हाई..."

"कोणता पिक्चर?" बसवंतने विचारलं.

सगळे त्याच्याकडे वळले. पहिल्यांदा कळलं ते अंजूला. "मामा," ती ओढणी तोंडाशी धरून म्हणाली, "तुम्ही पोलिसात काय सांगणार होता?"

बसवंतने सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून सगळ्यांना समजलं. गौरम्मा आधी नुसत्या हलल्या. मग भिंतीला टेकल्या, मग खाली बसल्या, आणि अप्पा गेल्यापासून त्या घरात न ऐकलेला त्यांच्या हसण्याचा आवाज थेट शेजारी ऐकू गेला.

"पण मी मामा हाय हे तुमाला..."

"दुकानातच कळलं की," वीरेश डोळे पुसत म्हणाला. "उमरीचे मामा चौकशीला येणार हे चार दिवसांपासून ठावं होतं. अन् एक किलो पेंड कोण नेतंय? अव्वा तर पहाटेपासून सैपाकाला लागली हाय. अप्पा गेल्यावरचं हे पहिलं स्थळ. आपल्या तोंडातून काय वंगाळ जाऊ नये म्हणून सगळ्यांचे हातपाय कापायलेत. त्यासाठी तर दुसरं कायबी न बोलता ड्रायव्हरचंच बोललाव."

फोन पुन्हा वाजला. बसवंतने तो घेतला.

"आरं मेल्या, फोन का कापायलास? काय कळलं का तिथं?"

"मला काय कळायचंय, अक्का? त्यांनाच माझं समदं कळलं."

"म्हणजे? माणसं कशी हायत ते सांग आधी."

उमाशंकर बकरीपासून सुरुवात करून सगळी गोष्ट पुन्हा सांगत होते. बसवंत थोडा वेळ ऐकत राहिला.

"आपल्यासारखीच हायत," तो म्हणाला. "लई भ्यालेली."



"मग करून टाकू," पलीकडून सुकन्याक्का म्हणाली.