पिण्याचा अभ्यास

मुलगी पाहायला गेलेल्या माणसाने कमी बोलावे, हे लिलाबाईंनी मालेगावहून निघताना मुलाला दोनदा बजावले होते. पण प्रसेनजित पुण्याहून पीएचडी घेऊन आलेला. असला माणूस आईचे कायले ऐकेल?

धनज गावात मुलीच्या, म्हणजे रूपाच्या, घरी पोहे झाले. रूपाच्या आईने, विमलबाईने, बायका जमवून गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. जावई कसा नको, हे तिला पक्के ठाऊक होते.

"तुमी करता काय नेमकं?" रूपाचे वडील देवमन यांनी विचारले.

"पिण्यावर सहा वर्षं घातली," प्रसेनजित समाधानाने म्हणाला.

विमलबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. "रोज?"

"रोज. सुट्टीत जास्त. आता पाहा, रशियन 'पीत्य' म्हणतो, पोलिश 'पिच', झेक 'पीत'. आपण पितो. सगळं एकच घराणं!"

"घरानंच पेते?" विमलबाई लिलाबाईंकडे वळली.

"नाही वो बाई! थेंबही नाही!"

"आई, तू थांब. तुला नाही कळायचं." प्रसेनजितने चष्मा वर सरकवला. "या सगळ्यांच्या आधी जुन्या स्लाव लोकांचं 'पिती' होतं. ते कोणी लिहून ठेवलं नाही. ते आम्हीच तयार करतो."

"घरीच?" देवमन यांनी आवाज बारीक केला.

"घरीच, टेबलावर. त्यातूनच पुढं 'पिवो' निघालं. म्हणजे बियर."

विमलबाई ताडकन उठली. दहा मिनिटांत दारूबंदीच्या चार बायका ओसरीवर येऊन बसल्या, चेहरे तापलेले. श्रोते वाढलेले पाहून प्रसेनजितला भरते आले. त्याने पुन्हा रशियापासून सुरुवात केली.

शेवटी आतल्या दारातून रूपा बाहेर आली. "आई, हे दारूचं नाही सांगून राह्यले. 'पिणे' हा शब्द कुठून आला, कुठं कुठं गेला, त्याचं सांगून राह्यले."

"नुसता शब्द?" विमलबाईने सुस्कारा टाकला. "मंग तं जमलंच की!"

प्रसेनजितने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. आता आपली किंमत कळली, असे त्याला वाटले.

"नाही जमत," रूपा म्हणाली. "दारू तं सोडवता येते, आई. हे कोन सोडवनार?"

ओसरीवर एक मान होकारार्थी हलली, अगदी मनापासून. ती लिलाबाईंची होती.