मणकेसरांचा आठवा पेशंट

मणकेसर पडद्यावरच्या पेशंटचीही परवानगी घेतात.

आमच्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. तिथं पलंगाएवढं टचस्क्रीनचं टेबल आहे आणि त्यावर पुऱ्या उंचीचा डिजिटल पेशंट उताणा झोपलेला असतो. बोटानं कातडी बाजूला करा, स्नायू बाजूला करा, मणका फिरवून मागून बघा, आत मज्जारज्जू कुठं दबलाय ते शोधा, अशी सगळी सोय. हाडांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून मी पहिल्या दिवशी त्या खोलीत गेले आणि उत्साहानं थेट मानेवर बोट ठेवलं.

"हां हां हां," मागून आवाज आला. "पावण्यांस्नी इचारलंस का?"

"सर, हा तर स्क्रीन आहे."

"तुला स्क्रीन हाय. त्येंची मान हाय ती." सर टेबलावर वाकले. "पावणं, पोरगी नवीन हाय. हात लावू दे का?" मग चांगले चार-पाच सेकंद थांबले, मान डोलावली आणि मला म्हणाले, "लाव."

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळ्यांना ते मणकेसर. वय साठीच्या आसपास, अंगानं किरकोळ, लग्न केलेलं नाही. मणक्याच्या ऑपरेशनला पाच जिल्ह्यांतून लोक त्यांच्याकडे येतात, आणि आम्ही शिकाऊ मंडळी त्यांना टाळायला जिना बदलतो.

टाळून सुटका मात्र नाही. त्या टेबलात आठ पेशंट आहेत आणि आठही सुटल्याशिवाय सर ऑपरेशन थिएटरात पाऊल टाकू देत नाहीत. माझ्याबरोबरची मुलं इतर शहरांत हातात ड्रिल घेऊन फोटो काढत होती. मी चार महिने प्लास्टर भिजवत आणि एक्स-रेचे फॉर्म भरत होते. सर्जन व्हायला आलेल्या माणसाला थिएटरच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत दिवस काढावे लागले की काय वाटतं, ते मला विचारा.

ही आठ माणसं सरांनी स्वतः बसून घडवली आहेत. शिरोली एमआयडीसीत मशीनच्या पार्टची ड्रॉइंगं करणारा प्रसाद नावाचा एक इंजिनिअर त्यांनी कुठून तरी पकडून आणला आणि त्याला मणके करायला लावले. मणके बिचाऱ्यानं झकास केले. गाडी अडली ती म्हशींवर.

"सर, पेशंटच्या माहितीत दोन म्हशी कशाला?" प्रसादनं विचारलं होतं. "मणक्याचा आणि म्हशीचा काय संबंध?"

"तिसऱ्या दिवशी ह्यो गडी पट्टा काढून घरला पळणार. का? तर धार कोन काढनार? हे म्हाईत नसंल तर तुझा डॉक्टर त्येला थांबवनार कसा?"

म्हशी राहिल्या. शिवाय आजऱ्याच्या शेवंताबाई आल्या, काजूच्या झाडावरून पडलेल्या. त्यांना दोन सुना, आणि त्यातल्या धाकटीशी त्यांचं बोलणं नाही. पेशंट कण्हला पाहिजे, हा हट्टही सरांचाच. बाहेरचा आवाज कशाला म्हणून त्यांनी आठही जणांचं कण्हणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं. त्यामुळे शेवंताबाईंची कंबर जरा चुकीची हलली की त्या खर्जात "आयाऽयाऽया, मेलो" असं ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले, आणि त्याच नादात त्यांची कंबर आणखी हलली.

मज्जारज्जूवर लाल रंग पसरला. त्या लाल रंगाला शिक्षा ठरलेली होती. ज्याच्या हातून पेशंटचे पाय गेले, त्यानं जेवणाच्या सुट्टीपर्यंत व्हीलचेअरमध्ये बसायचं. उठायचं नाही. एका बॅचच्या वेळी विभागातले निम्मे डॉक्टर व्हीलचेअरवर आणि खरे पेशंट चालत, असं दृश्य होतं. शेवटी इन्चार्ज सिस्टर खुर्च्या मोजत आल्या आणि सरांना म्हणाल्या, "तुमची पोरं नापास होतील तेवढी होऊ देत, माझ्या खुर्च्या परत पाठवा." शेवंताबाईंच्या दिवशी मी स्वतः कँटीनच्या दोन पायऱ्यांसमोर खुर्चीत पाऊण तास बसून होते. दोनच पायऱ्या. चहाचा वास येत होता.

हॉस्पिटलबाहेरही सरांचं हेच. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मित्रांनी हार घालायच्या वेळी नवऱ्याला वर उचललं. सर पाहुण्यांच्या पहिल्या रांगेतून जे उठले ते स्टेजवर. दोन्ही हातांनी नवऱ्याची मान धरली आणि ओरडले, "खाली घ्या त्येला. सगळ्यांनी एकदम. मी तीन म्हनलो की." नवरा सुखरूप उतरला. त्या जोडप्याच्या हार घालतानाच्या प्रत्येक फोटोत मधे सर आहेत, मान धरून.

तर, सात पेशंट मी सोडवले. राहिला आठवा.

आठवा पेशंट म्हणजे बाळू. वय बावीस, बिद्रीकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर आपटलेला. त्याची मान कशीही सावरा, मणके कसेही जुळवा, कितीही सुंदर स्क्रू घाला, लाल रंग हटत नाही. मी दोन दिवस झटले. प्रोग्राम बिघडलाय म्हणून प्रसादला फोनही केला. तो म्हणाला, "बिघडला नाही मॅडम. सरांनी तसाच करायला सांगितलाय."

सरांनी माझे स्क्रू बघितले. "छान बसलेत. आता भाईर थोरला भाऊ थांबलाय, त्येला सांग." असं म्हणून त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला, स्टुलावर उकिडवे बसले आणि थोरला भाऊ झाले. माहितीत त्या भावाचं सगळं लिहिलेलं होतं: चौथी शिकलेला, ट्रॅक्टर चालवणारा.

मी मणक्याचा नंबर सांगितला, इजा पूर्ण स्वरूपाची आहे म्हटलं. भाऊ म्हणाला, "म्हंजी?" मी तेच पुन्हा जरा मोठ्यानं सांगितलं. नापास.

पुढच्या आठवड्यात मी शहाणी झाले होते. म्हटलं, "आम्ही सगळे प्रयत्न करतोय, आशा सोडू नका, वेळ लागेल." भाऊ ताडकन उठला, दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "चालनार हाय म्हनं आमचा बाळू." दोन नर्सनी त्याचं अभिनंदनही केलं. मग सर आत येऊन टॉवेलनं घाम पुसत म्हणाले, "आता सा महिन्यांनी ह्या मानसाला काय सांगशील?" नापास.

तिसऱ्या वेळी मी खरं आणि सोप्या शब्दांत सांगितलं. भावानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी उचलून जीपमदी घातला त्येला. त्येनं झालं का ओ?"

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मी म्हटलं, "हो, मान न सावरता हलवलं की इजा वाढू शकते."

सरांनी टॉवेल काढला, घडी केली. "नापास."

"पण सर, उत्तर बरोबर होतं."

"व्हय," ते म्हणाले. "बरोबर हुतं." आणि निघून गेले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मला भयंकर राग आला होता. त्याच रागात दोन दिवसांनी कॅज्युअल्टीत ड्यूटी करत होते, तेव्हा छपरावरून घसरलेला एक कामगार आला. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणला होता, मान लटकत होती. मी त्याच्या भावावर खेकसले, "असं आणतात का? अक्कल आहे का काही?" सुदैवानं एक्स-रे स्वच्छ निघाला, नुसता मुका मार. मी बाहेर येऊन भावाला तसं सांगितलं. तो भिंतीशी बसला होता. मान ठीक आहे म्हटलं तरी वर बघेना. दोन्ही हात पुढं धरून स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसला होता. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या वेळी मी सरांसमोर उभी राहिले नाही. दुसरं स्टूल ओढून समोर बसले.

"दादा, बाळू आता चालणार नाही. हातांत थोडी ताकद राहील. आम्ही ऑपरेशन करणार आहोत, पण ते मान सावरायला. पाय त्यानं येणार नाहीत."

"मी उचललं त्येला," भाऊ म्हणाला. "खांद्यावर टाकून पळालो. त्येनं झालं का?"

"माहीत नाही, दादा. पडला तेव्हाच झालं असेल, नंतर झालं असेल. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. तुम्ही त्याला रस्त्यावर सोडलं नाहीत, एवढं मला माहीत आहे."

सरांनी टॉवेल काढला नाही. खाली बघत म्हणाले, "पर मला कळाय पायजे हुतं की. मी बारावी सायन्सला हुतो. बायलॉजीत पैला आलतो."

बाळूचा भाऊ चौथी शिकलेला होता. ती माहिती मला तोंडपाठ होती. ही बारावी सरांची होती.

"बारावीच्या पुस्तकात हे नसतं, दादा," मी म्हटलं. "मी पण बारावी केलीय."

"नसतंय?"

"नसतं. मला इथं येऊन कळलं."

सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "माझा धाकला सोळा वर्सं खाटंवर हुता. एकदाबी इचारलं न्हाई त्येनं मला." त्यांनी टॉवेल तोंडावरून फिरवला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उद्या साडेआठला थेटर. उशीर चालनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी आठलाच हात धुवायला उभी होते. पेशंट मानेचा होता, सव्वीस वर्षांचा, आणि बाळूसारखेच त्याचेही पाय येणार नव्हते. ऑपरेशन साडेचार तास चाललं. सरांचे हात मी पहिल्यांदाच जवळून बघत होते; इतका सावकाश आणि इतका न थांबता चालणारा हात मी पुन्हा बघितलेला नाही. शेवटचा टाका मला घालू दिला. बाहेर पेशंटचा मोठा भाऊ उभा होता, दाराच्या काचेतून दिसत होता.

सरांनी ग्लोव्हज काढले, दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. मी बाजूला झाले, त्यांना वाट द्यायला.

"तू जा," ते म्हणाले. "तू सांग त्येला. मला आजून न्हाई जमत."

मी दार ढकलून बाहेर गेले आणि त्या माणसाला आधी बसायला सांगितलं.