दोन थेंब आणि चहा

"घाई नाही गा मले. तुह्या सोयीनं निघ."

पार्किंगमधून आवाज आला आणि मी जिन्यातच थांबले. कुणाचं तरी खासगी बोलणं चाललं असावं, मध्ये कशाला जा. थोड्या वेळानं डोकावले, तर माझ्या गाडीखालून भोयरकाकांचे दोन पाय तेवढे बाहेर आलेले. दुसरं कुणीच नव्हतं. काका बोलत होते ते सायलेन्सरच्या पाइपात गंजून बसलेल्या सेन्सरशी.

भोयरकाका आमच्या प्रताप नगरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. कोराडीला वीज केंद्रात आयुष्यभर फिटर होते. गंजलेलं काही दिसलं की त्यांचा चेहरा उजळतो. बिल्डिंगचं गेट, टपालपेट्यांची झाकणं, गच्चीची कडी, सगळं त्यांनी तेल घालून मऊ केलंय. एकदा समोरच्या मावशी लोणच्याच्या बरणीचं अडकलेलं झाकण उघडून मागायला आल्या. काकांनी बरणी ठेवून घेतली. "उद्या या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी झाकण एका बोटानं उघडलं. लोणच्याला मात्र महिनाभर मशीन ऑइलचा वास येत होता.

माझी गाडी जुनी, सेकंडहँड. मागच्या आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकला घरी बोलावलं. तो म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, आणि गंजून असा धरलाय की पाइपच कापावा लागेल. मला ते नको होतं. पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी मान डोलावली.

मागून काका म्हणाले, "कापाले काय झालं? भेंडी हाय काय थे?"

"मग तुम्हीच काढा ना काका," मेकॅनिक हसून म्हणाला.

"काढतोच. तीन दिवस दे मले, बेटा." हे मला. मी पुन्हा मान डोलावली.

अशा तीन संध्याकाळी मी टॉर्च धरून उभी राहिले. पद्धत ठरलेली. इंजिन पाच मिनिटं चालवून पाइप कोमट करायचा. बंद करायचं. चाकांना विटा लावायच्या, कारण "जॅकवर अन् जावयावर भरवसा नाई ठेवाचा." गंजलेल्या आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडायचे. मग चहा. चहा अर्ध्या तासाचा. मग पान्यानं जरासं सैल, लगेच तेवढंच घट्ट. पुन्हा दोन थेंब. पुन्हा चहा.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "काका, एकदाच जोरात..."

"काहून? रेल्वे सुटून राहिली काय तुही?" काका गाडीखालूनच म्हणाले. "जोर लावला का तुटते थो. मंग अर्धा आत राह्यते, अन् डोस्कं आपल्या हातात."

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. बरोबर सहा वाजता काका गाडीखालून बाहेर येत, हात फडक्याला पुसत, फोन काढत. नंबर लावून फोन कानाजवळ नेत. एक रिंग गेली की कट. फोन खिशात. पहिल्या दिवशी मला वाटलं, दूधवाला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फोन खिशात जाताना मी विचारलं, "कुणाला, काका?"

माझ्या मानानं हा फार मोठा प्रश्न होता.

"पोरीले," काका म्हणाले. "इथंच, सक्करदऱ्याले राह्यते."

"उचलत नाही?"

"मीच उचलू देत नाई. एकच रिंग देतो. तिले तरास नको." त्यांनी पाना हातात घेतला, उलटासुलटा केला. "चार वर्सं झाली. तिच्या मनानं लग्न करून राहिली होती. मी लई जोर लावला." पुन्हा खाली सरकताना म्हणाले, "तवा मले नटाचंच तेवढं समजे."

मी टॉर्च धरून राहिले. अमरावतीहून आईचा फोन आला की मी पुष्कळदा स्क्रीनकडे नुसती बघत बसते. सक्करदऱ्याला कुणीतरी रोज सहाला तशीच बघत असेल. चार वर्षांत तिनं नंबर बदलला नाही, हे काकांच्या ध्यानात आलं असेल का?

खालून बारीक किर्र आवाज आला. मग काका बाहेर आले. भुवयांवर गंजाची पूड, तळहातावर तो अख्खा सेन्सर. एक आटासुद्धा मोडला नव्हता. मी आणून ठेवलेला नवा बसवण्याआधी त्यांनी त्याच्या आट्यांना बोटानं हलकं ग्रीस लावलं.

"पुढं जो खोलन, त्याले सोपं जाईन."

गाडी सुरू केली. पिवळा दिवा तसाच.

"लगेच नाई इझत थो," काका म्हणाले. "वीस-पंचवीस मिनिटं चालवा लागन. जाय, मारून ये एक चक्कर." आणि ते पाने गोळा करायला लागले. एकेक पुसून, सावकाश, जणू हे काम आणखी चार दिवस पुरवायचं होतं.

मी आतूनच शेजारच्या सीटचं दार उघडलं.

"काका, सक्करदरा किती लांब आहे?"

"हे इतकंच. वीस मिनि..." पाना त्यांच्या हातातच राहिला. उघड्या दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे.

"हात धुऊन या," मी म्हटलं. "घाई नाही मला. तुमच्या सोयीनं निघू."