तुर्कस्तानचा कच्चा पाक

कूलरच्या खोलीत जर्दाळूचा मुरांबा गारव्याला होता आणि घरातली माणसं ओसरीत घामाने निथळत होती, याला आज बारावा दिवस होता.

बाटल्यांवर छापलेलंच होतं, 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा'. तुर्कस्तानात बसून असं छापायला काय जातं? मे महिन्यात नागपुरात जागा थंड असली तर ती कूलरसमोर असते, म्हणजे दमट असते. आणि कोरडी असली तर तिथे ठेवलेला पापड आपोआप भाजून निघतो. धर्मेंद्रने मधला मार्ग काढला. चारशे ऐंशी बाटल्यांची खोकी त्याने घरातल्या एकुलत्या एका कूलरच्या खोलीत रचली आणि आई कुसुमावती व बायको कामिनी यांची सोय ओसरीत केली. कामिनी त्याच्याशी बारा दिवस फक्त गरजेपुरतं बोलत होती.

धर्मेंद्रच्या घरचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. गादीवर थोरला भाऊ जागेश्वर, आणि गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडायला व गिऱ्हाईक गेल्यावर घडी घालायला धर्मेंद्र, अशी पंधरा वर्षं गेली. चाळिशी जवळ आल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की आता आपणच आपले मालक व्हायचं. समुद्र गाठायला आगगाडीत एक रात्र काढावी लागते अशा गावात त्याने परदेशी मुरांब्याचा धंदा काढला. माल जहाजाने मुंबईला, तिथून मालगाडीने नागपूरला आला, पण एका बाटलीचं झाकण म्हणून हललं नव्हतं. धर्मेंद्र ते सील येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

जागेश्वर माल पाहायला आला तो अट घालूनच गेला. "हे पाह्य धर्मा, एकतीस मेपर्यंत हा माल विकून दाखव. नाई विकला तर एक तारखेले चुपचाप दुकानात ये."

"अन् विकला तर?"

"तर तुह्या धंद्यात मी कधी तोंड घालणार नाई."

"मंग दुसरा माणूस पाहून ठेव दादा, ठाणाची घडी घालाले," धर्मेंद्र म्हणाला.

किराणा दुकानदारांना मात्र त्याच्याइतका विश्वास नव्हता. ऐन आंब्याच्या दिवसांत जर्दाळू कोण घेतो, असं सगळ्यांनी त्याला आपापल्या भाषेत सांगितलं. धर्मेंद्र डगमगला नाही. शेवटी तीस मेचा वायदा झाला तो मधुकररावांशी. त्यांचं मोठं हॉटेल होतं आणि न्याहारीच्या टेबलावर त्यांना काहीतरी परदेशी हवं होतं. माल आणि सील पाहून पसंत पडलं तर सगळाच्या सगळा उचलतो, असं ते म्हणाले होते.

त्या दिवशी धर्मेंद्र सकाळी सातलाच बाहेर पडला. आधी दाढी, मग नवी व्हिजिटिंग कार्डं, मग मधुकररावांचं हॉटेल. जाताना तो आईला म्हणाला, "आई, एक बाटली खोलून ठेवजो. साहेबाले चाखाले लागन."

चार वाजता मधुकररावांना घेऊन तो परतला, "या साहेब, गोदाम पाहा," म्हणाला आणि कूलरच्या खोलीचं दार त्याने झोकात उघडलं. कूलर जोरात चालू होता. त्याच्यासमोर रिकामी खोकी होती आणि दोन मोठ्या टोपल्या भरून झाकणं होती.

"आई!" धर्मेंद्र ओरडला. "माल कुठी गेला?"

"स्लॅबवर, उनात," कुसुमावती पदराने कपाळ पुसत आली. "मुरब्बा आणखी कुठी टाकतेत?"

"अन् झाकणं काहून काढली?"

"झाकण लावून मुरते का गा? फडकी बांधली चांगली. दुकानातून मलमलचं अख्खं ठाण आणलं." ती मुलाच्या जवळ येऊन हळू आवाजात बोलू लागली, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्याच. "बाटली खोलली अन् चमचा उलटा केला, त पाक सुरसुर खाली. एकतारीबी नाई! म्हटलं, पोरगं फसलं. त्या लोकाइनं कच्चा माल देला अन् हा लाजेनं कोनाले सांगत नाई. तुहं नाक कापलं जाऊ नये म्हणून मी अन् ह्या आठ बाया सकाळपासून राबून राह्यलो."

धर्मेंद्रने टोपलीतलं एक झाकण उचललं आणि हळूच परत ठेवलं. आईच्या बोटांची सालं निघाली होती.

मधुकरराव तोवर जिना चढू लागले होते. वर चारशे ऐंशी बाटल्या पांढरी फडकी बांधून रांगेत उभ्या होत्या आणि जिन्याच्या सावलीत आठ बाया हाशहुश करत बसल्या होत्या. धर्मेंद्रने घाम पुसला आणि छाती पुढे काढली.

"हीच आपली खासियत, साहेब. डबल प्रोसेस. अर्धी तिकडे, अर्धी इकडे."

"कायची पोसेस?" मागून कुसुमावती आलीच. "खोटं काहून बोलतं गा? साहेब, माल कच्चाच होता. तुमाले खोकला झाला असता."

मधुकररावांनी एक फडकं सोडून चमचा घातला. मग दुसऱ्या बाटलीत घातला. तिसऱ्या बाटलीनंतर ते कठड्याला टेकले.

"एक नंबर," ते म्हणाले. धर्मेंद्रच्या जिवात जीव आला. "पण हॉटेलात नाही चालणार. सील कुठे आहे? उद्या तपासणीवाले आले तर त्यांना काय तुमचा स्लॅब दाखवू?"

धर्मेंद्रच्या डोळ्यांपुढे कापडाची ठाणं आपोआप उलगडू लागली.

"घरी मात्र चालते," मधुकरराव चमचा चाटत म्हणाले. "बारा बाटल्या द्या. फडकं असंच राहू द्या, काकूंनी बांधलेलं."

"बारा?" शेजारची प्रेमिला उठून उभी राहिली. "अन् आमी काय उन खाऊन घरी जाऊ? जिनं बांधलं तिचा पह्यला हक्क. वीस माह्या!"

तिचं खरंच होतं. पापड असोत की कुरडया, राबणारीने आधी आपलं बाजूला काढायचं, ही गल्लीची रीतच होती. बाकीच्या सातजणींनी लगेच आपापल्या रांगा अडवल्या. एकीने भिवापूरच्या नणंदेला फोन लावला, दुसरीने खाप्याच्या बहिणीला. "हाव वं, कुसुमाकाकूच्या हातचा," असं जी ती फोनवर सांगत होती. तुर्कस्तानचं नाव कोणी काढलं नाही. आयातदार म्हणून धर्मेंद्रचं नाव छापलेलं लेबल फडक्याखाली झाकलं गेलं होतं आणि ते वर करून पाहावं असं कोणालाच वाटलं नाही.

दुसरं ऊन लागलं, बाटल्यांचे रोख पैसे जमा झाले आणि एकतीस तारखेच्या संध्याकाळी स्लॅब रिकामा झाला. जागेश्वर आला, रिकाम्या खोलीत उभा राहिला आणि दिल्या शब्दाला जागला. "जितला गा तू. आता तूच तुहा मालक." कामिनीने त्या दिवशी इतक्या दिवसांचं एकदम बोलून घेतलं, तेही कूलरसमोर बसून.

धर्मेंद्रने झोकात तुर्कस्तानला फोन लावला. पुढच्या उन्हाळ्यासाठी दुप्पट माल हवा, असं त्याने ठणकावून सांगितलं. कुसुमावती शेजारीच उभी होती.

"त्याइले म्हण, पाक आणखी पातळ ठेवा. अन् झाकणं ढिली लावा."

त्याने तसं सांगितलं. पलीकडच्या माणसाने ते तीनदा विचारून घेतलं.

यंदाच्या एप्रिलात तो माल आला. आता सकाळी सहाला धर्मेंद्र नऊशे साठ बाटल्या स्लॅबवर चढवतो आणि संध्याकाळी उतरवतो. मधल्या वेळात डोक्याला दुपट्टा बांधून, हातात काठी घेऊन तो कावळे हाकतो. जागेश्वर गांधीबागेत पंख्याखाली गादीवर असतो. आईच्या तालमीत तयार झालेल्या आठ बाया सावलीत बसून फडकी बांधतात आणि धर्मेंद्रची एखादी रांग वाकडी लागली, तर तिथूनच ओरडतात.

परवा भर दुपारी मधुकररावांचा फोन आला. "धर्मेंद्रजी, मुलीचं लग्न आहे. पाहुण्यांना वाटायला दोनशे बाटल्या हव्यात. तुम्ही मालक आहात, हो म्हणा की झालं!"

धर्मेंद्रने काठी काखेत धरली आणि जिन्याकडे पाहिलं.

"होऊन जाईल साहेब," तो भरवशाने म्हणाला. "फक्त दोन मिनिटं थांबा. आईले विचारून सांगतो."