थाळ्यातलं ऑइल

"बावीस वर्षं कुवेतच्या गॅरेजात काढली मी! साधा ऑइल फिल्टर बदलायला माणूस बोलवू? हसतील लोक!"

रविवारी सकाळी दहा वाजता करीमभाईंनी अंगणात उभं राहून ही गर्जना केली. राजिवड्यातल्या अर्ध्या लोकांनी ती ऐकली, उरलेल्या अर्ध्यांना ती पाठच होती!

आता खरं सांगायचं, तर करीमभाई त्या गॅरेजात होते हे शंभर टक्के खरं. पण कुठे? तर स्टोअरच्या खिडकीत. मेकॅनिक यायचा, गाडीचं नाव सांगायचा, करीमभाई फडताळातून फिल्टर काढून त्याच्या हातात द्यायचे. बावीस वर्षांत हजारो फिल्टर त्यांच्या हातून गेले, पण त्यातला एकही त्यांनी कधी फिरवून बसवला नव्हता. ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. बायकोलासुद्धा नाही!

आणि मुहूर्त तरी कुठला निवडावा? दुपारी एक वाजता पावसहून पाहुणे येणार होते. त्यांच्या लेकीसाठी, समरीनसाठी, जिब्रानचं स्थळ आलं होतं. मुलगा लोट्याला कंपनीत इंजिनीयर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आज फक्त थाळा व्हायचा होता. करीमभाईंच्या बायकोच्या, जन्नतबींच्या, माहेरची रीतच तशी. तांब्याचा हा मोठा थाळा, कल्हई केलेला, आजीपासून चालत आलेला. दोन्हीकडच्यांनी त्यात एकत्र हात घालून जेवायचं, की सोयरीक पक्की! समरीनचे पाय आठवडाभर जमिनीवर ठरत नव्हते.

तर समरीनच्या होणाऱ्या सासरेबुवांसमोर आपली गाडी कशी मांजरासारखी घुरघुरते ते दाखवावं, असं करीमभाईंच्या मनात आलं. पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि स्वारी पाठीवर सरपटत गाडीखाली गेली. आत गेल्यावर आठवलं, ऑइल गळणार कशात? बादली उंच, खाली मावेना. टोपलं भोकाभोकाचं. मग त्यांची नजर ओसरीवर घासूनपुसून उन्हात ठेवलेल्या थाळ्यावर गेली. रुंद! चपटा! जणू याच कामासाठी बनवलेला! नंतर धुऊन ठेवू, कुणाला कळतंय?

खालचा नट सुटला आणि काळंकुट्ट ऑइल थाळ्यात डौलात उतरलं. एक थेंब बाहेर नाही! करीमभाई स्वतःवरच खूश झाले.

पण फिल्टर हलेना. हाताने हलेना, फडक्याने हलेना, जोर लावल्यावर करीमभाईच हलले. तेवढ्यात त्यांना आठवलं, कुवेतला कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर आरपार घुसवून फिल्टर फिरवायचा. घुसवला! फिल्टर फिरला नाहीच, पण दोन्ही भोकांतून ऑइलच्या धारा लागल्या. एक त्यांच्या बाहीत शिरली, दुसरी थाळा नसलेल्या जागी! म्हणून त्यांनी घाईघाईने थाळा ओढला. आता थाळ्याचा काठ चार बोटांचा आणि आत तीन लिटर ऑइल. थाळा एकीकडे सरकला, ऑइल दुसरीकडे! भरतीची लाट यावी तसं ते काठावरून निघालं आणि करीमभाईंची मान, पाठ आणि जांभ्याचं अंगण सगळं एकदम माखलं.

नेमक्या त्याच वेळी घरातून हाक आली, "समरीनचे अब्बा! थाळा कुठं हाय?"

"कामात हाय!" गाडीखालून आवाज आला.

"कसल्या कामात?"

जन्नतबी बाहेर आल्या, वाकून बघितलं आणि तशाच ओसरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! त्या फक्त म्हणाल्या, "माझ्या आजीचा थाळा हो…" मागे दारात समरीन उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. गाडीखालून करीमभाईंना तिचे फक्त पाय दिसत होते. मेंदीचे पाय. त्यांना वाटलं, आपण इथून बाहेरच येऊ नये.

कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारच्या भागूबाईंनी हे सगळं पाहिलं होतं. मासळी विकून नुकत्याच परतल्या होत्या, अजून पदर खोचलेलाच.

"आवो, ऐकलं का? चला लवकर! करीमभाव तेलात पडलेत!"

त्यांचे यजमान दाजी चाळीस वर्षं लाँचच्या इंजिनावर होते. ते आले, वाकले आणि काही न विचारता गाडीखाली शिरले. सोबत एक प्लास्टिकची पिशवी आणि जुन्या पट्ट्याचा तुकडा.

"करीमभाव, फिल्टरला आधी पिशवी घालायची, मंग सैल करायचा. बगा." दाजींनी स्क्रू ड्रायव्हर उपसला, फिल्टरवर पिशवी चढवली, पट्ट्याचा वेढा दिला, एक झटका मारला आणि हाताने फिरवत नेला. फिल्टर निमूट पिशवीत पडला, उरलेल्या ऑइलसकट! "लाँचवर खाली समुद्र हलत असतो. तितं थाळा ठेवून भागत नाय."

नव्या फिल्टरच्या रबराला त्यांनी बोटाने ऑइल लावलं, हातानेच आवळला, खालचा नट घट्ट केला आणि नवं ऑइल भरलं. तोवर भागूबाईंनी होडीच्या कारखान्यातला पोतंभर भुसा अंगणात ओतला होता. भुशाने ऑइल पिऊन टाकलं. मग राख, मग गरम पाणी, मग खराटा. साडेबाराला अंगणात फक्त एक काळपट डाग उरला. त्यावर भागूबाईंनी तुळशीची कुंडी आणून ठेवली, जन्नतबींनी ती हसत हसत सरळ केली.

"पण थाळा?" समरीन म्हणाली.

घासलेला थाळा चकाकत होता, वास मात्र पेट्रोल पंपाचा! भागूबाई घरी गेल्या आणि डोक्यावर पितळेची ही मोठी परात घेऊन आल्या. "माझ्या दिशाच्या लग्नासाठी कल्हई करून ठेवलीय. कोरी हाय. आज हिचं काम होऊंदे, माझी लेक आनि तुमची लेक काय येगळी?"

भागूबाईंचे राखेने माखलेले हात करीमभाईंनी आपल्या ऑइलच्या हातांत घेतले.

एकला पाहुणे आले. परातीत बिर्याणी आली. दाजी-भागूबाईंना करीमभाईंनी हट्टाने शेजारी बसवलं; परात दोन्ही व्याह्यांची, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं ताट मांडलं. पावसच्या सासरेबुवांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "परात झकास! घरचीच का?"

"घरचीच," करीमभाई म्हणाले. मग काय झालं कोण जाणे, बावीस वर्षांचं झाकण एकदम उडालं! "आणि ऐका. मी मेकॅनिक नव्हतो. खिडकीत बसून फिल्टर द्यायचो. आज पहिल्यांदा हात लावला आणि घराचा तेलाचा घाणा केला. निस्तरलं ते या दोघांनी. आता काय ते ठरवा."

जन्नतबींचा हात घासावर थांबला. समरीनने डोळे मिटले. सासरेबुवा गंभीर झाले.

"म्हणजे तुम्हांला ऑइल बदलता येत नाही?"

"नाही."

"अरेरे!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमचा जिब्रान इंजिनीयर, पण कॉम्प्युटरवरचा! त्याला बॉनेटसुद्धा उघडत नाही. म्हटलं, व्याही गॅरेजवाले आहेत, म्हणून मुद्दाम आमच्या गाडीचा फिल्टर विकत घेऊन डिकीत टाकून आणलाय!"

सगळ्यांचे डोळे दाजींकडे वळले. दाजींनी शांतपणे घास संपवला आणि खिशातून दुसरी पिशवी काढली.

सोयरीक पक्की झाली. परात भागूबाईंकडे परत गेली ती वाफवलेल्या गोड सांदणांनी शिगोशीग भरून. आणि थाळा? तो जन्नतबींनी नवऱ्याला कायमचा देऊन टाकला. आता दर सहा महिन्यांनी दोन्ही गाड्या अंगणात लागतात, दाजी खाली शिरतात आणि कुवेतचे बावीस वर्षांचे अनुभवी करीमभाई बाहेर उकिडवे बसतात. दाजी हात पुढे करतात, करीमभाई त्यावर नवा फिल्टर ठेवतात!